प्रतिकृतीला हार घालू नका

आमचा एक कार्यकर्ता मित्र नोकरीनिमित्त जपानात असतो. मागे एका सुट्टीच्या दिवशी तो टोकियोजवळच्या सागामिहारा शहरात गेला आणि तिथून त्याने आमच्या गटावर आठ-दहा फोटो टाकले. जपानच्या अंतराळ संस्थेचं, म्हणजे जाक्साचं, तिथे एक केंद्र आहे. त्याच्या आवारात सर्वसामान्य लोकांसाठी प्रदर्शनाचं दालन आहे. प्रवेश फुकट. त्या दालनात 'हायाबुसा-२' या लघुग्रहावर जाऊन आलेल्या यानाची मूळ आकाराची प्रतिकृती उभी आहे.

फोटो पडताच गटावर नेहमीचा गोंधळ सुरू झाला. एकाने लिहिलं, लोकांच्या ताटात भाकरी नाही आणि ही खेळणी कशाला? दुसऱ्याने लिहिलं, आपलं चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, जपानचं काय कौतुक सांगता? या दोघांशी पुढे बोलूच. पण आम्हाला अस्वस्थ केलं ते तिसऱ्याने. तो शिकलेला आहे, मोर्चात पुढे असतो. त्याने काहीच लिहिलं नाही, फोटोखाली फक्त जोडलेल्या हातांची चिन्हं टाकली. एक, दोन, तीन, चार.

हा लेख त्या जोडलेल्या हातांसाठी आहे.

आधी वस्तू नीट पाहू. हायाबुसा म्हणजे ससाणा. या नावाची दोन यानं झाली. पहिलं ९ मे २००३ रोजी निघालं आणि 'इतोकावा' नावाच्या, जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावर गेलं. दुसरं ३ डिसेंबर २०१४ रोजी निघालं, २०१८च्या जूनमध्ये 'र्‍युगू' या लघुग्रहाशी पोहोचलं आणि ६ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या मातीची कुपी ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटात टाकून पुढच्या प्रवासाला निघून गेलं. कुपीत सुमारे साडेपाच ग्रॅम खडे आणि माती निघाली. चहाच्या चमच्यात मावेल एवढी.

मित्राने ज्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला ते या दुसऱ्या यानाचं रूप. मधली पेटी दोन लोखंडी कपाटं पाठीला पाठ लावून ठेवावीत साधारण तेवढी. दोन्ही बाजूंना सौरपट्ट्यांचे पंख. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सहा मीटर. अंगावर सोनेरी चमक, पण ते सोनं नव्हे. ती उष्णता रोखणारी प्लास्टिकची पातळ पिवळसर फिल्म, तिच्या मागे ॲल्युमिनियमचा थर. खालून हत्तीच्या सोंडेसारखी एक मीटरभर नळी लोंबते. तीच लघुग्रहाला टेकवायची, आतून एक छोटी गोळी झाडायची, उडालेली माती वर घ्यायची आणि लगेच उठायचं. सगळी करामत इतकीच.

ही प्रतिकृती का लागते? कारण खरी वस्तू कुणाला दाखवताच येत नाही. दुसरं यान अजून अंतराळात फिरतं आहे. आणि पहिलं १३ जून २०१० रोजी परत येताना पृथ्वीच्या वातावरणात जळून खाक झालं. कुपी तेवढी छत्रीला लटकून खाली उतरली. त्या जुलैअखेरीस सागामिहाराच्या शहर संग्रहालयात ती लोकांना बघायला ठेवली, तर माणसांची रीघ लागली. हे संग्रहालय जाक्साच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या पलीकडे आहे.

आता मुद्द्याकडे. प्रतिकृती आणि मूर्ती यांत फरक काय? दोन्ही माणसाने घडवलेल्या, दोन्ही चौथऱ्यावर, दोन्हींपुढे गर्दी. फरक असा की प्रतिकृती मापाबरहुकूम असते, तिचं माप तपासता येतं. मूळ नळी एक मीटर असेल आणि हिची दीड असेल, तर प्रतिकृती चुकली असं शाळेतला पोरगाही सांगू शकतो. मूर्तीचं माप काढायला तुम्ही मूळ वस्तू आणणार कुठून? मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते आणि त्या क्षणी प्रश्न बंद होतात. ज्यांचे प्रश्न बंद केले गेले आणि ज्यांना गाभाऱ्याबाहेर उभं केलं गेलं, त्या माणसांच्या घरात आम्ही जन्मलो. म्हणून हात जोडले गेले की आमचं डोकं फिरतं.

सागामिहाराच्या त्या प्रतिकृतीवर काय वाचता येतं ते सांगतो. तिच्यावर चुका वाचता येतात.

पहिल्या हायाबुसाला तोल सांभाळायला आत फिरणारी तीन चाकं होती. त्यातलं एक २००५च्या जुलैअखेर बंद पडलं, दुसरं ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दुसऱ्या यानात चार चाकं बसवली. पहिल्या यानाने इतोकावावर उतरवायला नेलेलं मिनर्वा नावाचं छोटं उड्या मारणारं यंत्र चुकीच्या क्षणी सुटलं आणि अंतराळात भरकटून गेलं. दुसऱ्याने त्याच जातीची दोन यंत्रं २०१८च्या सप्टेंबरात र्‍युगूवर व्यवस्थित टाकली आणि त्यांनी तिथून फोटो पाठवले. पहिल्या यानाने २००५च्या नोव्हेंबरात दोनदा जमिनीला स्पर्श केला. दुसऱ्या स्पर्शानंतर जाक्साने जाहीर केलं की गोळी झाडली गेली, नमुना मिळाला असणार. टाळ्या झाल्या. दहा-बारा दिवसांनी माहिती तपासल्यावर त्याच संस्थेने सांगितलं, गोळी बहुधा झाडलीच गेली नाही.

इथे जरा थांबा. सगळ्या जगासमोर विजय जाहीर करून दोन आठवड्यांच्या आत तो स्वतःच मागे घ्यायचा. आपल्याकडे एखाद्या नगरसेवकाने उद्घाटन केलेल्या नळाला पाणी येत नाही हे कबूल करायला किती वर्षं लागतात?

त्यानंतर इंधन गळालं, यान गिरक्या खाऊ लागलं, संपर्क तुटला. दीड महिना ते कुठे आहे याचा पत्ता नव्हता. २००६च्या जानेवारीत क्षीण हाक ऐकू आली. २००७ साली परतायचं यान तीन वर्षं उशिराने आलं. त्या परतीच्या वाटेवर, २००९च्या नोव्हेंबरात, इंजिनांनीही दगा दिला. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडते, म्हणून सविस्तर सांगतो.

या यानाला आयन इंजिनं होती, चार. झेनॉन वायूचे धनभारित कण मागे फेकायचे आणि त्या धक्क्याने पुढे सरकायचं. पण नुसते धनभारित कण बाहेर फेकत राहिलात तर यान स्वतः ऋणभारित होतं आणि फेकलेले कण परत स्वतःकडेच ओढतं. म्हणून प्रत्येक इंजिनाशेजारी इलेक्ट्रॉन सोडणारा एक भाग बसवलेला असतो, जो हिशेब बरोबर ठेवतो. आता झालं असं की एका इंजिनाचा कण फेकणारा भाग धड होता पण हिशेब ठेवणारा बिघडला होता. दुसऱ्याचं कण फेकणं सुरुवातीपासूनच बेभरवशाचं होतं, पण त्याचा हिशेबनीस धड होता. अभियंत्यांनी एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो असे दोन अर्धे जोडून एक इंजिन चालवलं आणि यान घरी आणलं. हे जमलं कसं? उड्डाणाआधीच, कधी लागलं तर लागेल म्हणून, इंजिनांचे प्रमुख हितोशी कुनिनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांना जोडणारा एक छोटासा विद्युत दुवा बसवून ठेवला होता.

कुपी उघडली तेव्हा आत डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली खरवडून खरवडून सुमारे दीड हजार कण सापडले, बहुतेक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. ते इतोकावाचेच आहेत हे २०१०च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. लघुग्रहावरून माणसाने आणलेली ती पहिली माती. गोळी झाडली नसतानाही स्पर्शाच्या धक्क्याने धूळ वर गेली होती.

आता सांगा, या वस्तूपुढे हात जोडायचे की वही काढायची?

आता आपल्या अंगणात या. १३ जुलै २०२३ रोजी, चांद्रयान-३च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, इस्रोच्या शास्त्रज्ञांचं पथक यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीच्या देवळात गेलं. ती देवाच्या पायाशी ठेवून आशीर्वाद घेतला. देशभरच्या वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर हे आलं, आणि कौतुकानेच आलं. ही काही पहिली वेळ नव्हती. आमचा प्रश्न साधा आहे. घरी देव्हारा ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. संविधानाने ते स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आहे, शास्त्रज्ञालाही. पण ती प्रतिकृती कुणाच्या घरची नव्हती. ती सार्वजनिक पैशाच्या मोहिमेचं रूप होती. तिला गाभाऱ्यात नेलं की मोहिमेचा यशदाता बदलतो. वेल्डिंग करणारा, वायर जोडणारी, आकडेमोड करणारे हजारो हात बाजूला होतात आणि श्रेय वर जातं. मोहीम फसली तर मात्र देवाला कुणी जाब विचारत नाही, हेही गमतीचंच आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे ५१-क कलमाने प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते आलं. शास्त्रज्ञाच्या नोकरीत हे कर्तव्य स्थगित होतं काय?

यावर आमचा एखादा हुशार विरोधक लगेच म्हणेल, तुमचे जपानी तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? बरोबर. पहिल्या हायाबुसाचे प्रकल्पप्रमुख जुनइचिरो कावागुची हे यान परतीच्या संकटात असताना ओकायामा प्रांतातल्या एका देवस्थानात जाऊन आले. का, तर इंजिनाच्या त्या हिशेब ठेवणाऱ्या भागाला जपानीत जे नाव आहे, त्याचीच अक्षरं त्या देवस्थानाच्या नावात आहेत. देवस्थानाचं नाव 'चूका'. मराठी माणसाला हसू आवरणार नाही, पण तसंच आहे. आम्ही हे लपवत नाही, कारण ते लपवलं तर आमच्यात आणि भाटांत फरक उरणार नाही. माणूस घाबरतो, हताश होतो, कुठेतरी जाऊन डोकं टेकतो. कावागुचींनाही आम्ही तेच म्हणू की जाऊ नये होतं. तरीही फरक आहे, आणि तो मोठा आहे. यान देवस्थानामुळे परतलं असं कुणी सांगितलं नाही. दोन अर्धी इंजिनं कशी जोडली, हे आकृत्या काढून लोकांना सांगितलं गेलं. त्यामुळे आज सात समुद्रापलीकडे, मराठीत, आम्ही ते तुम्हाला सांगू शकतो.

आणि चांद्रयान-२? ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम लँडर चंद्रावर आदळला. चौकशीला समिती नेमली गेली. तिचा पूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. चार वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेच्या तोंडावर, इस्रोच्या प्रमुखांनी पत्रकारांना कारणं सांगितली: इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, चुका साचत गेल्या, उतरायची जागा फार लहान ठरवली होती. म्हणजे आपल्या अभियंत्यांनीही तेच केलं, चूक शोधली, पुढच्या यानात सुधारली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरून दाखवलं. ती माणसं कावागुची-कुनिनाकांपेक्षा तसूभरही कमी नाहीत. आमचा राग त्यांच्यावर नाहीच. राग आहे तो त्यांची खरी गोष्ट झाकून तिच्यावर हार चढवणाऱ्यांवर.

नावांचंच बघा. इतोकावावरच्या खळग्यांना नावं दिली आहेत. एकाचं नाव फुचिनोबे. हे काय, तर सागामिहारातल्या त्या केंद्राजवळची वस्ती आणि रेल्वे स्टेशन. एकाचं नाव कामोइ, योकोहामातला भाग, जिथे यान बनवणारा कारखाना होता. एकाचं कामिसुनागावा, होक्काइदोतलं कोळसा खाणीचं गाव, जिथल्या बंद पडलेल्या खाणीच्या खोल विहिरीत वस्तू सोडून वजनरहित अवस्थेचे प्रयोग व्हायचे. कल्पना करा, चेंबूर-ट्रॉम्बेच्या एखाद्या कामगार वस्तीचं नाव आभाळातल्या दगडावर! आपल्याकडे चांद्रयान-३ उतरलं त्या जागेला 'शिवशक्ती' हे नाव दिलं गेलं. ज्या हातांनी यान घडवलं त्यांच्या वस्त्यांना नावं नव्हती काय?

म्हणून जपानला डोक्यावर घ्या असं आम्ही म्हणत नाही. इतोकावा हे नाव ज्यांच्यावरून आलं, ते हिदेओ इतोकावा जपानी अग्निबाणांचे जनक. १९५५ साली तेवीस सेंटिमीटरच्या, पेन्सिलीएवढ्या अग्निबाणापासून त्यांनी सुरुवात केली. पण त्याआधी महायुद्धात ज्या लढाऊ विमानाच्या रचनेत त्यांचा हात होता, त्याचंही नाव हायाबुसाच होतं. यानाचं नाव ससाण्याच्या झडपेवरून ठेवलं असं सांगतात. असेल. प्रश्न विचारून ठेवायला हरकत नाही. आणि याच देशात बुराकू म्हणून जन्मावरून हिणवली गेलेली माणसं आहेत, ज्यांनी १९२२ साली क्योतोत सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. जपानकडून यान शिकायचं, तसं हेही शिकायचं.

आता भाकरीवाल्या मित्राकडे. गड्या, तुझा प्रश्न खोटा नाही. पण तो नेमका आपल्यालाच का सुचतो, याचा विचार कर. कुंभमेळ्याच्या खर्चाला हा प्रश्न इतक्या चटकन सुचत नाही. जपानमध्येही पैशाचा प्रश्न विचारला गेला. २००९च्या शेवटी तिथल्या नव्या सरकारने खर्चाची लोकांसमोर छाननी सुरू केली, त्या काळात हायाबुसा-२च्या पैशाला मोठी कात्री लागली. मग सात महिन्यांनी जळतं यान परत आलं, लोकांनी ते पाहिलं आणि वारं फिरलं. सरकारने हिशेब मागायचा, लोकांनी वस्तू बघायची आणि मग ठरवायचं. वस्तू दडवून ठेवली तर लोक ठरवणार कशावर? प्रदर्शनातली प्रतिकृती ही करदात्याला दिलेली पावती आहे, असं आम्ही समजतो.

राहिलं आपलं स्वतःचं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो आपण शंभर वेळा वाचला आहे. तरीही त्यांच्या पुतळ्याखाली उभे राहून आपण किती जण त्या हातातल्या ग्रंथात काय लिहिलंय हे पोरांना सांगतो? निळा गुलाल उधळला, हार घातला, फोटो काढला, झालं. ज्या तरुणाने हात जोडले त्याला ही सवय आपणच लावली. तिरुपतीवर टीका करताना ही गोष्ट गिळून टाकता येत नाही.

म्हणून आम्ही एक काम काढलं आहे. आमच्या अभ्यासिकेत सातवी ते दहावीची पोरं-पोरी मिळून हायाबुसा-२ची मूळ आकाराची प्रतिकृती करत आहेत. मापं जाक्साने जाहीर केलेली आहेतच, कागदी नमुनेही ते फुकट देतात. पेटी पुठ्ठ्याची, १ मीटर बाय १.६ बाय १.२५. अंगाला मिठाईच्या दुकानातला सोनेरी कागद. कुपीचा व्यास चाळीस सेंटिमीटर, त्याला एक जुनं घमेलं चपखल बसलं. एका मुलीचे वडील सेंटरिंगच्या कामावर असतात, त्यांनी दिलं. चार इंजिनांना दुधाच्या पावडरचे चार डबे. सहा मीटरचे पंख काही खोलीत मावेनात, म्हणून सगळं विहाराच्या अंगणात हलवलं. नारळ फोडायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कुणी फोडा म्हणालंही नाही.

वाद झाला तो पाटीवर. एकीचं म्हणणं, यानाचं नाव मोठ्या अक्षरांत वर हवं. दुसऱ्याचं म्हणणं, पहिलं यान कुठे कुठे फसलं त्याची यादी आधी वर, नाव खाली. कालच्या रविवारी दोन तास हेच चाललं होतं. आम्ही मध्ये पडलो नाही. पाटी अजून कोरी आहे.